पोफळी पडल्या, त्यापुढची पाच वर्षं

पंचनाम्याला माणसं आली तेव्हा नाना उभी राहिलेली झाडं मोजत होते. पडलेली मोजायला त्यांना जमेना. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, एकमेकींवर आडव्या पडल्या होत्या, त्यात माडाचे बुंधे, झावळ्या, कुंपणाची तार, शेजारच्या गोठ्याचा पत्रा. आत पाय टाकायला वाट नव्हती. म्हणून ते बांधावर उभं राहून वर शेंडे बघत होते. पोफळी एकसष्ट आणि माड एकोणीस. वादळाच्या आदल्या दिवशीपर्यंत तीनशे ऐंशी पोफळी आणि बेचाळीस माड होते.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. तेव्हा मी वादळग्रस्त कुटुंबांना कागदपत्रं आणि घरखर्चाची घडी बसवायला मदत करणाऱ्या एका लहान गटात होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या या घराशी माझा संबंध त्या कामामुळे आला आणि तो अजून सुटलेला नाही. घरच्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. नावं आणि गाव देत नाही. घरात ज्या हाका मारतात त्याच इथे वापरते: नाना, माई, मुंबईतला थोरला, गावातला धाकटा, त्याची बायको म्हणजे सगळ्यांची वहिनी, आणि तिची मुलगी. ती तेव्हा नुकतीच दहावीत गेली होती.

वादळात काय पडलं हे बहुतेकांना ठाऊक आहे, फोटोही पुष्कळ निघाले. पुढच्या पाच वर्षांत घराचं काय होतं, पैसा कुठे अडकतो आणि माणसं कुठे दुरावतात, हे फारसं लिहिलं जात नाही. मला ते लिहायचं आहे.

घर कशावर चालत होतं

बत्तीस गुंठ्यांची वाडी, पोफळी आणि माड. पोफळींवर मिरीचे वेल, मध्ये चार जायफळं. सुपारी वाळवून, सोलून विकायची. मजुरी आणि पाण्याचा खर्च वजा जाता वाडीतून वर्षाला एक लाख तीस हजारांच्या आसपास हातात राहायचे. धाकट्याने घराला लागून दोन खोल्या बांधल्या होत्या. तिथे पर्यटक उतरायचे आणि माई-वहिनी जेवण करून द्यायच्या. त्याचे वर्षाला नव्वदएक हजार. थोरला महिन्याला तीन हजार पाठवायचा. सगळं मिळून अडीच लाखांच्या वर. श्रीमंती नव्हती, पण उधारीही नव्हती. सोसायटीचं ऐंशी हजारांचं पीक कर्ज दरवर्षी भरायचं आणि दरवर्षी उचलायचं, एवढंच.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि खोल्या रिकाम्या झाल्या. थोरल्याचा पगार निम्म्यावर आला. म्हणजे तीन आधारांपैकी दोन आधीच डळमळले होते आणि तिसरा जूनमध्ये दुपारच्या दोन-तीन तासांत गेला. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. कौलं उडाली, वासे मोडले, पण भिंती राहिल्या. सगळे माजघरात, जात्याच्या कोपऱ्यात बसले होते. वीज गेली, फोन गेले. थोरल्याला घरचे जिवंत आहेत हे तीन दिवसांनी कळलं. तोवर तो नालासोपाऱ्याच्या खोलीत गावाकडच्या प्रत्येक नंबरावर फोन लावत बसला होता.

5 जूनला वटपौर्णिमा होती. गावातला वड मुळापासून उपटून रस्त्यावर आडवा झाला होता. माई आणि आणखी चार-पाच जणींनी त्या पडलेल्या खोडालाच सूत गुंडाळलं. माई पुढे कितीतरी वेळा हे सांगायची आणि प्रत्येक वेळी तिथेच थांबायची.

सात नावं

सरकारने मदत जाहीर केली आणि नेहमीच्या निकषांपेक्षा ती वाढवलीही. फळबागांना हेक्टरी 18,000 ऐवजी 50,000 रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत. घराच्या अंशतः पडझडीला 6,000 ऐवजी किमान 15,000, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. आकडे ऐकून बरं वाटलं होतं. मग आम्ही माईच्या ओटीवर बसून हिशोब मांडला. बत्तीस गुंठे म्हणजे सुमारे 0.32 हेक्टर, म्हणजे 16,000 रुपये. तीनशे एकोणीस पोफळी आणि तेवीस माडांचे सोळा हजार.

हेक्टरचा हिशोब भाताला चालतो. भात गेलं तर एक हंगाम जातो आणि पुढच्या पावसात पुन्हा लावणी होते. पोफळ लावल्यापासून पाच-सहा वर्षांनी धरते आणि भरात यायला दहा वर्षं घेते. शिवाय किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांत मोजल्या जातात, हेक्टरात नाही. बागायतदारांनी हे ओरडून सांगितलं. तेव्हा पुढे झाडामागे दर ठरला, सुपारीला 50 आणि नारळाला 250 रुपये. नानांच्या वाडीला या दराने 21,700 बसले. भरात आलेलं एक झाड पन्नास रुपयांना. नाना तेव्हा एवढंच बोलले, "रोपसुद्धा येत नाही तेवढ्यात."

हे पैसेही हातात यायला तयार नव्हते. सातबारावर सात नावं होती: नाना, त्यांचे दोन भाऊ, तीन बहिणी आणि आई. आई 2004 मध्ये गेल्या होत्या. एक भाऊ गेला होता. त्याची मुलं डोंबिवलीत. एक बहीण सुरतेला. वाडी नानाच कसत होते हे गावाला माहीत होतं, पण कागदाला माहीत नव्हतं. मदत त्यांच्या खात्यात जमा व्हायला बाकीच्यांची संमतीपत्रं हवी होती. प्रवासाला पास लागत होता, सुरतेच्या आत्या घराबाहेर पडायला घाबरत होत्या आणि डोंबिवलीच्या पुतण्याने फोनवर विचारलं, "काका, सही करतो, पण आमच्या वाट्याचं काय?"

त्या प्रश्नात वावगं काही नव्हतं, असं माझं आजही मत आहे. तोही टाळेबंदीत घरी बसला होता. पण पंचवीस वर्षं वाडीला पाणी घालणाऱ्या माणसाला तो प्रश्न कसा लागला असेल हेही मी ओटीवर बसून पाहिलं. नानांनी फोन माईच्या हातात दिला आणि ते उठून गेले. मग आठ महिने काका-पुतण्या बोलले नाहीत. गणपतीत डोंबिवलीची मंडळी आली नाहीत. कारण विलगीकरणाचं दिलं, आणि ते खरंही होतं, पण दरवर्षी येणारा त्यांच्या वाट्याचा नारळ-खडीसाखरेचा डबाही त्या वर्षी कुणाच्या हाती आला नाही. माईने ते बरोबर टिपलं.

संमतीपत्रं अखेर फेब्रुवारी 2021 मध्ये पुरी झाली. सुरतेच्या आत्यांनी आपणहून पुतण्याला समजावलं. या घरात मिटलं, पण सामाईक सातबारा आणि मुंबईत पांगलेले हिस्सेदार हे कोकणातल्या घरोघरचं आहे. वारस नोंद वेळच्या वेळी करायची म्हणजे कुणाचा हक्क डावलायचा असं नसतं. संकटात कुणाला कुणासमोर हात पसरावे लागू नयेत म्हणून ती करायची.

घराचं म्हणाल तर भिंती उभ्या असल्यामुळे ते अंशतः पडझडीत धरलं गेलं आणि 15,000 आले. छपराला खर्च आला 2,40,000. त्या वर्षी पत्रे मिळत नव्हते, मिळाले तर चढ्या भावाने. कौलं आणि आढ्यावरचे कोने पुरेसे कुठेच नव्हते, म्हणून कौलारू घर पत्र्याचं झालं. पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि छप्पर जानेवारीत पुरं झालं.

कुणी कुणाला काय सांगितलं नाही

इथे माझी मोठी चूक झाली. पहिलं दीड वर्ष मी अर्ज, दाखले, खातं-आधार जोडणी यातच गुंतले होते. घरात एकूण देणं किती आहे हे मी एकदाही सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं नाही. छप्पर झालंय, म्हणजे पैशांची सोय झाली, असं मी धरून चालले.

सोय अशी झाली होती. माईच्या पाटल्या आणि हार बँकेत तारण ठेवून 1,10,000. हे सगळ्यांना माहीत होतं. थोरल्याने 30,000 पाठवले. ते त्याने कामावरच्या मित्राकडून उसने घेतले होते, घरी सांगितलं "बोनस मिळाला". त्या वर्षी बोनस कुठला मिळणार, हे कुणी विचारलं नाही. शिल्लक 25,000 होती. मदतीचे 15,000. उरले साठ हजार. ठेकेदार थांबायला तयार आहे असं धाकट्याने घरी सांगितलं. प्रत्यक्षात त्याने एका खासगी सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी साठ हजार उचलले होते.

वहिनीचं आणखी वेगळंच. शाळा मोबाईलवर गेली, मुलीला फोन हवा होता, किराणा थकला होता. तिने बचत गटातून चाळीस हजारांचं कर्ज घेतलं आणि हप्ता ती सुपारी सोलायच्या मजुरीतून भरत होती. नवऱ्याला सांगितलं तर तो आणखी खचेल म्हणून सांगितलं नाही. नवऱ्याने तिला सावकाराचं सांगितलं नव्हतं तेही याच कारणाने. एकमेकांना जपायला म्हणून दोघंही एकमेकांपासून लपवत होते, आणि रात्री जेवताना एकही शब्द निघत नव्हता. मुलगी मला पुढे म्हणाली, "मला वाटायचं बाबा आईवर रागावलेत."

16-17 मे 2021 ला तौक्ते चक्रीवादळ आलं. ते किनाऱ्याला समांतर वर गुजरातकडे गेलं, इथे निसर्गइतकी हानी झाली नाही. पण उरलेल्यांतले तीन माड पडले आणि नानांमध्ये काहीतरी मोडलं. कौलारू घरात वारा कळायचा, पण आवाज कौलांत विरून जायचा. पत्रा प्रत्येक झोताला थडथडतो. नाना रात्री उठून दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासायचे आणि मग उजाडेपर्यंत ओटीवर बसायचे. जेवण कमी झालं. वाडीत जाणं त्यांनी बंद केलं. वाडीचं दार स्वयंपाकघराच्या मागे पंधरा पावलांवर होतं.

"डोक्याच्या डॉक्टरकडे" जायला त्यांनी साफ नकार दिला. माईने रक्तदाबाच्या गोळ्यांचं निमित्त काढून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या देता देता झोपेचं विचारलं आणि समुपदेशकांशी गाठ घालून दिली. चार-पाच खेपांनंतर नाना त्यांच्याशी बोलायला लागले. पत्र्याच्या आवाजाचं त्यांनी आधी तिथेच सांगितलं, घरात कुणाला नाही. मग धाकट्याने पडलेल्या फणसाच्या फळ्या कापून आणल्या आणि निजायच्या खोलीवर माळा घातला. आवाज बराच दबला. झोपेच्या गोळीचा आणि माळ्याचा वाटा किती किती, ते मला सांगता येणार नाही. माळा घालायचा सुचला तो नाना बोलले म्हणून, एवढं नक्की. आता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून तो सुरू आहे. नाना तिथे कधी बोलले नाहीत, वहिनी बोलली, दोन वेळा. तिलाही कुणीतरी हवं होतं हे आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

जुलै 2021 मध्ये धाकटा मुंबईला गेला. थोरल्याच्याच खोलीत राहून एका गोदामात कामाला लागला. महिन्याला सात हजार घरी पाठवायचा. त्यातले अठराशे सावकाराचं व्याज भरायला एका मित्रामार्फत परस्पर जात होते, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. चौदा महिने त्याने व्याज भरलं, 25,200 रुपये, आणि मुद्दल साठ हजार तसंच होतं.

वही

31 ऑगस्ट 2022 ला गणपती बसले. दोन्ही मुलगे घरी होते. तिसऱ्या दिवशी सावकाराचा माणूस दारात आला, पाच महिन्यांचं व्याज थकलं म्हणून. गणपती घरात असताना. नाना ओटीवर होते, त्यांनीच ऐकलं.

त्या रात्री काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी ऐकलं. आरडाओरड झाली. थोरला धाकट्याला "घर बुडवलंस" म्हणाला. तेव्हा वहिनी आतून बाहेर आली आणि पहिल्यांदा दिराला उलट बोलली, "भावजी, तुमचा बोनस कुठून आला होता ते सांगा आधी." तिला ते कसं कळलं होतं कोण जाणे. मग सगळे गप्प झाले.

मी गेले तेव्हा वातावरण जड होतं. मी मुलीला वही आणायला सांगितली. ती तोवर बारावीत होती आणि अक्षर सुरेख. पानावर तिने रकाने आखले: कुणाचं देणं, किती, व्याज किती, आणि चौथा रकाना मी सांगितला तो, घरात कुणाकुणाला माहीत आहे. पहिल्या तीन रकान्यांना पाऊण तास लागला. चौथा भरताना माई रडली. पाच देण्यांपैकी तीन फक्त एकेकाच माणसाला माहीत होती.

पीक कर्ज थकबाकीसह 93,000. सोनेतारण 1,10,000. बचत गटाचं शिल्लक 22,000. सावकार 60,000. थोरल्याच्या मित्राचे 30,000. एकूण 3,15,000.

नाना इतका वेळ भिंतीकडे बघत होते. आकडा ऐकून ते म्हणाले, "मला वाटलं आठ-दहा लाख असतील." दोन वर्षं ते मनात आठ-दहा लाखांचं ओझं घेऊन रात्री बसत होते आणि विचारायची छाती होत नव्हती.

मग व्याजाकडे पाहिलं. सावकाराचं वर्षाला छत्तीस टक्के, म्हणजे साठ हजारांवर 21,600. सोनेतारणाचं साडेनऊ टक्क्यांनी 1,10,000 वर 10,450. देणं निम्मं आणि व्याज दुप्पट. आधी कुणाला भागवायचं याचं उत्तर समोर होतं, पैसा मात्र नव्हता. जमिनीचा तुकडा विकायचा विषय थोरल्याने काढला. सात नावांचा सातबारा, आणि पर्यटनामुळे जमिनीवर डोळा ठेवून बसलेले दलाल. नाना उठून जातील असं मला वाटलं.

माई म्हणाली, "पाटल्या विका."

नको-नको झालं. आमच्याकडे सोनं तारण ठेवतात, विकत नाहीत. विकणं म्हणजे घर बसलं. माईने फार साधं उत्तर दिलं. "दोन वर्षं झाली, हातात आहेत का त्या? बँकेत आहेत. मी त्यांचं भाडं भरतेय." हा निर्णय दुसऱ्या कुणी सुचवला असता तर मी त्याला विरोध केला असता. बाईच्या अंगावरचं सोनं घरातल्या कर्जात सगळ्यात आधी जातं आणि परत कधीच येत नाही, हे मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. इथे तिचं तिने ठरवलं, आणि दोन अटी घातल्या. हार सोडवून आणायचा. आणि सातबारावर पुढे जेव्हा वारस नोंद होईल तेव्हा लेकीसुनांची नावं वगळायची नाहीत.

पाटल्यांची पावती 70,000 ची होती आणि हाराची 40,000 ची, वेगवेगळी, म्हणून हे जमलं. माईच्या भावाने दोन दिवसांसाठी रक्कम फिरवली. पाटल्या सुटल्या, विकल्या, 1,76,000 आले. त्यातून तारणाचे व्याजासह 77,000 मामांना परत. सावकाराला मुद्दल आणि थकलेलं व्याज मिळून 69,000. उरलेले तीस थोरल्याच्या मित्राला. सावकाराकडून कोरा धनादेश परत घ्यायला धाकटा एकटा निघाला होता. नाना त्याच्याबरोबर गेले. कितीतरी महिन्यांनी ते गावाबाहेर पडले होते.

देणं 1,55,000 वर आलं. पीक कर्जाचं एक राहून गेलं होतं. नैसर्गिक आपत्तीत 33 टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर पीक कर्ज मुदतीच्या कर्जात बदलून घेता येतं. कर्ज देणाऱ्या सोसायटीने 2020 मध्ये हे सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. टाळेबंदीतली ऑगस्टपर्यंतची हप्तास्थगिती मिळाली, तेवढ्याने सगळे निर्धास्त झाले. त्या स्थगितीत व्याज चढतच होतं. 2022 मध्ये पंचनाम्याची प्रत घेऊन खूप खेपा घातल्या तेव्हा हप्ते बांधून मिळाले.

सावली

वाडीत एक चूक झाली ती इथे सांगते, कारण पुष्कळांनी ती केली. जुलै 2021 मध्ये धाकट्याने मुंबईला जायच्या आधी दोनशे पोफळीची रोपं लावून घेतली. पुढच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्यातली एकशे चाळीस करपली. पोफळीचं रोप पहिली काही वर्षं सावलीत वाढतं. आधी मोठ्या झाडांची सावली असायची, त्यामुळे मधल्या जागेत सांधलेलं, म्हणजे रिकाम्या जागी लावलेलं, रोप आपोआप वाढायचं. कुणाला मुद्दाम सावली करायची सवयच नव्हती. आता वर आभाळच होतं. सुपारी संशोधन केंद्र श्रीवर्धनातच आहे, तिथे लावणीआधी जाऊन यायला हवं होतं. वहिनी नंतर गेली.

जून 2022 मध्ये आधी केळी लावल्या. केळी वाढल्यावर 2023 च्या पावसात त्यांच्या आडोशाला एकशे ऐंशी रोपं. रोपांच्या ओळी धरताना नाना तीन दिवस वाडीत होते. दोरी त्यांनीच ताणली. केळीचे घड आणि मधल्या जागेतल्या सुरणाने वर्षाला वीस-बावीस हजार यायला लागले. नारळ विकास मंडळाची माडांसाठी विमा योजना आहे, हप्त्यातला पाव भागच शेतकऱ्याला भरावा लागतो, हेही तेव्हा कळलं.

खोल्यांचं सगळं वहिनीने हातात घेतलं होतं. पर्यटक परत यायला लागले तसं तिने फोनवर खोल्या द्यायला, जेवणाचे दर ठरवायला, आगाऊ रक्कम घ्यायला सुरुवात केली. धाकटा मे 2024 मध्ये कायमचा परत आला तेव्हा खोल्यांचं उत्पन्न वादळाआधीपेक्षा जास्त होतं. आणि त्याला घरात काय करायचं ते कळेना. पाहुणे "ताईंना विचारतो" म्हणायचे. पैसे तिच्या खात्यात. मुलगी कॉलेजच्या फीचं आईला सांगायची. तीन वर्षं तो गोदामात दिवस मोजत होता ते या घरासाठी, आणि घर त्याच्याशिवाय चालायला शिकलं होतं. तो चिडचिड करायचा, स्वयंपाकघरातल्या डब्यांची जागा बदलली म्हणूनसुद्धा. या काळात मला त्या दोघांची जेवढी काळजी वाटली तेवढी वादळाच्या वर्षीही वाटली नव्हती. माणूस परत आला की कुटुंब पुन्हा जुळलं असं आपण समजतो. इथे वर्ष गेलं. आता वाडी आणि बाजार तो बघतो, खोल्या ती. महिन्याच्या पहिल्या रविवारी वही सगळ्यांसमोर उघडायची, हे मात्र दोघांनी सोडलेलं नाही.

काही गोष्टी भरून आल्या नाहीत. मुलीला अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं. त्यासाठी बाहेर राहावं लागलं असतं, आणि त्या वर्षी घरात तो विषयच निघाला नाही. तिने जवळच्या कॉलेजात वाणिज्य घेतलं. ती तक्रार करत नाही. नाना मात्र करतात, स्वतःबद्दल. थोरला आणि नाना वाटणीवर अजून नीट बोललेले नाहीत. मयत आईचं नाव कमी होऊन वारस नोंद झाली, भावाच्या मुलांची नावं चढली, डोंबिवलीची मंडळी गणपतीला यायला लागली.

हार 2024 च्या दिवाळीत सुटला. पीक कर्जाचे 38,000 बाकी आहेत. 2021 च्या लावणीतून वाचलेली साठ रोपं आता डोक्याच्या वर गेली आहेत. पहिली सुपारी 2027 च्या सुमारास धरेल. नंतरच्या एकशे ऐंशींना त्याहून दोन वर्षं जास्त. मागच्या महिन्यात गेले तेव्हा नाना केळीची वाळलेली पानं काढून रोपांच्या बुडाशी अंथरत होते. मी विचारलं, किती झाली एकूण? ते म्हणाले, "जुनी एकसष्ट, ही साठ, ती एकशे ऐंशी. त्यातली सहा मेली, पावसात सांधायची आहेत."